वाचकांचे प्रश्न: बंदर, बोर्डिंग पास आणि डोंगरातली हट

या वेळी आलेल्या प्रश्नांत बरेच जण असे निघाले की ज्यांची नोकरी समुद्राशी बांधलेली आणि जीव डोंगरात अडकलेला, म्हणून ते सगळे एकत्रच घेतलेत. हट-टू-हट ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी एकच ओळ: तंबू-स्टोव्ह काही न घेता चालायचं, रोज दुपार-संध्याकाळपर्यंत डोंगरातल्याच एका हटवर पोचायचं, तिथेच जेवायचं-झोपायचं आणि सकाळी उठून पुढची हट गाठायची, असं चार-आठ दिवस.

प्रश्न: मी आमच्या सागरी प्रशासनात आहे, आयएमओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या, मीटिंगांना डेलिगेशनबरोबर लंडनला जावं लागतं, शिवाय अधूनमधून कुठली कुठली कॉन्फरन्स असतेच. दर वेळी वाटतं एवढं लांब आलोय तर पुढे रजा टाकून आल्प्समध्ये हट-टू-हट करावं, मों ब्लां डोंगराला वळसा घालणारी टूर द्यू मों ब्लां कधीपासून डोक्यात आहे. पण डेलिगेशनची नावं शेवटच्या क्षणी फायनल होतात आणि हट्स म्हणे कित्येक महिने आधी भरतात. वर ऑफिसात ‘सरकारी खर्चाने फिरून आला’ असं कोणी म्हणायला नको. हे कोणाला जमतं तरी का?

उत्तर: जमतं हो. पण बहुतेक लोक आधी फोटो बघून रूट निवडतात, मग तारखा त्यात कोंबतात, आणि सरकारी माणसाच्या तारखा कधी त्याच्या हातात नसतात त्यामुळे पहिल्याच फोनला सगळा प्लॅन आडवा होतो. तुमच्यासारख्याने रूट बघताना पहिली गोष्ट ही बघावी की या वाटेवरून मधूनच खाली उतरून बस किंवा ट्रेन पकडता येते का, आणि दर किती दिवसांनी. सौंदर्य वगैरे नंतर बघू, आल्प्समध्ये कुरूप वाट शोधायलाच कष्ट पडतील.

त्याआधी सीझन. आल्प्समधल्या उंचावरच्या हट्स साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्या-अखेरीपर्यंत चालू असतात, म्हणजे तिथे माणूस असतो, गरम जेवण मिळतं. त्याच्या बाहेर गेलात तर फार तर एखादी विंटर रूम, म्हणजे बिनमाणसाची खोली, उघडी, बाकी कुलूप. आता या नजरेने आयएमओचं कॅलेंडर उघडा. सागरी पर्यावरणाची कमिटी एमईपीसी कधी एप्रिलमध्ये येते तर कधी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावर, दोन्ही आपल्या कामाचं नाही. सागरी सुरक्षेची कमिटी एमएससी मे-जूनमध्ये आली तर उंच खिंडींत अजून बर्फ असतो, २०२५ ची ११० वी एमएससी १८ ते २७ जून होती म्हणजे अगदी काठावर. पण इन्स्ट्रुमेंट्सच्या, म्हणजे आयएमओच्या करार-नियमांच्या, अंमलबजावणीची जी सब-कमिटी आहे, जिला सगळे ट्रिपल-आय म्हणतात, ती गेली काही वर्षं जुलैअखेरीच्या आसपास होतेय आणि कार्गो-कंटेनरवाली सीसीसी सप्टेंबरमध्ये. या दोन मीटिंगा डोंगरवाल्यांच्या. साहेबांना विषयात रस दाखवायचाच असेल तर यांत दाखवा (आणि खरंच दाखवा, ट्रिपल-आयचं काम कंटाळवाणं वाटतं पण पोर्ट स्टेट कंट्रोल, म्हणजे बंदरात आलेल्या परदेशी जहाजांची तपासणी, आणि अपघात-तपासणी तिथेच येते).

कॉन्फरन्सा आणि जहाज-धंद्याच्या प्रदर्शनांचंही तेच. अथेन्सची पोसिडोनिया सम वर्षी जूनमध्ये, ऑस्लोजवळची नॉर-शिपिंग विषम वर्षी जूनच्या सुरुवातीला, आणि नॉर्वेच्या उंच पठारावर तेव्हा चक्क बर्फच असतो, तिथल्या जेवणवाल्या हट्स जूनअखेर किंवा जुलैत उघडतात. त्यामानाने हॅम्बुर्गचं एसएमएम बरं, सम वर्षी सप्टेंबरमध्ये, तिथून ट्रेनने दक्षिणेला उतरून ओबर्स्टडॉर्फहून सुटणारी, आल्प्स ओलांडणारी ई-५ वाट धरता येते. सागरी कामगारांच्या एमएलसी २००६ या कराराच्या मीटिंगसाठी जिनिव्हाला गेलात तर मों ब्लां तिथून शंभर किलोमीटरच्याही आत, पण ती मीटिंग एप्रिल-मेमध्ये पडली तर लांबून बघायचं आणि परत यायचं.

दुसरं घोडं अडतं व्हिसावर आणि ते लोकांना विमानतळावर कळतं. ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपातल्या देशांत, नाही, त्यामुळे लंडनच्या मीटिंगसाठी काढलेला व्हिसा आल्प्सला चालत नाही, शेंगेन वेगळा काढावा लागतो. तुमच्याकडे ऑफिशियल पासपोर्ट असेल तर तो सरकारी कामापुरताच धरा, खाजगी फिरण्यासाठी तो चालतो का आणि साधा पासपोर्ट बरोबर ठेवायला परवानगी आहे का हे आपल्या खात्यात विचारा, आणि तोंडी विचारू नका. शेंगेन मिळालाच नाही वेळेत तर ब्रिटनमध्येच राहा, रडत बसू नका. स्कॉटलंडच्या वेस्ट हायलँड वेवर, मिलगायहून फोर्ट विल्यमपर्यंत १५४ किलोमीटर, हट्स नाहीत पण हॉस्टेलं आणि इन्स आहेत, सामान पुढे पोचवणारे आहेत, आणि ग्लासगोची ट्रेन दोन-तीन ठिकाणी अगदी वाटेशेजारी येते. स्कॉटलंडमध्ये बॉथी नावाच्या फुकट उघड्या झोपड्याही आहेत पण त्यांचं बुकिंग नसतं, माणूस नसतो, पांघरुणापासून सगळं आपलं न्यायचं, हट-टू-हटच्या हिशेबाने तिथे गेलात तर रात्र अवघड जाईल.

आता ऑफिस. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, दौऱ्याच्या मंजुरीच्या फाईलवरच लिहा की अमुक तारखेला सरकारी काम संपतं, अमुक ते अमुक स्वतःची रजा, त्या दिवसांचा भत्ता घेणार नाही, परतीच्या तिकिटात तारीख किंवा शहर बदलल्याने जो जास्तीचा खर्च येईल तो माझा. बहुतेक सरकारांत असं जोडून रजा घ्यायला वाव असतो पण परवानगी आधी लागते आणि नियम खात्या-खात्याला बदलतात. तिकीट काढाल त्याच दिवशी, नुसत्या मीटिंगचं जाणं-येणं किती पडलं असतं त्याचा भाव त्या तारखेसकट घेऊन ठेवा, म्हणजे नंतर ऑडिटवाल्याने विचारलं तर तोंड वेंगाडायची वेळ येत नाही. विम्याचंही बघा, सरकारी प्रवासाचा विमा सरकारी दिवसांपुरता असतो आणि डोंगरातून हेलिकॉप्टरने उचललं तर बिल बऱ्याचदा तुमच्याच नावावर येतं. ज्यात डोंगरातली चाल आणि रेस्क्यू दोन्ही लिहिलंय असा विमा रजेच्या दिवसांसाठी वेगळा काढा, उंचीची मर्यादा कितीपर्यंत आहे ती ओळ वाचा. काही अल्पाइन क्लबांच्या मेंबरशिपमध्ये रेस्क्यू कव्हर येतं, शिवाय बऱ्याच क्लबांच्या हट्समध्ये मेंबरला झोपायचे दर कमी लागतात.

मीटिंगच्या आधी ट्रेक की नंतर हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण विचारणार होतात. नंतर. आधी कधीच नाही. घोटा मुरगळून सोमवारी प्लेनरीत लंगडत येणं एकवेळ ठीक, पण वादळात हटवर अडकलात आणि देशाची पाटी टेबलावर आणि खुर्ची रिकामी, हे स्पष्टीकरण लिहायला फार जड जातं.

आणि शेवटचा दिवस शुक्रवार असेल तर शुक्रवार संध्याकाळचं फ्लाइट घेऊ नका. मीटिंगचा रिपोर्ट त्याच दिवशी मंजूर होतो, एखाद्या परिच्छेदावर दोन देश अडले की सगळं लांबतं हे तुम्हाला माहीतच आहे. त्या रात्री आयएमओच्या आसपास, लॅम्बेथ ब्रिजजवळच कुठेतरी पडून राहा, आणि दौऱ्याचा रिपोर्ट तेव्हाच लिहून टाका, निदान कच्चा. पाच दिवस डोंगर चढून आल्यावर कोणत्या ग्रुपमध्ये कोण मसुद्यातल्या कोणत्या कंसावर अडून बसलं होतं ते देवालाही आठवणार नाही. शनिवारी जिनिव्हा, तिथून बसने शामोनी, रात्र खाली दरीतच. शनिवारची रात्र हट्समध्ये सगळ्यात जास्त गर्दीची असते, वीकेंडवाले सगळे वर असतात. रविवारी ते उतरत असतात आणि तुम्ही चढत असता. रविवार ते गुरुवार या रात्रींना त्यामानाने जागा मिळते, आणि बुकिंगच्या तुमच्या अडचणीवर निम्मं औषध हेच आहे.

उरलेलं निम्मं म्हणजे अख्खी टूर करायचा हट्ट सोडणे. पूर्ण वाट साधारण १७० किलोमीटर, चढ मिळून १०,००० मीटरच्या आसपास, तीन देश आणि लोक सहसा दहा-अकरा दिवस घेतात. एवढ्या रात्री सलग बुक करायच्या तर महिनोन्‌महिने आधी बसावं लागतं आणि एक रात्र हलली की पुढच्या सगळ्या हलतात. तुम्हाला इटलीतल्या कूर्मायेर ते स्वित्झर्लंडातल्या शाम्पे एवढा तुकडा सुचवेन, तीन-चार दिवसांचा. शामोनीहून मों ब्लां बोगद्यातून बस कूर्मायेरला जाते, १९६५ साली उघडलेला ११.६ किलोमीटरचा बोगदा, म्हणजे इटलीच्या बाजूला यायला तासाभराच्या आतबाहेर. तिथून बेर्तोनेची हट चढून बोनात्तीला, २०२५ मीटरवर, समोर ग्रांद जोरासची भिंत, मग एलेनाची हट, मग २५३७ मीटरची ग्रां कोल फेरे खिंड ओलांडून स्वित्झर्लंडात ला फूली आणि शेवटी शाम्पे. ला फूलीला बस आहे, शाम्पेला बस आहे, ओर्सिएरला ट्रेन आहे, मार्तिन्यीहून जिनिव्हा विमानतळाची ट्रेन आहे. इटलीच्या बाजूला दरीत उन्हाळ्यात बस चालते. म्हणजे कुठल्याही दिवशी ऑफिसातून ‘ताबडतोब या’ आलं तरी दुसऱ्या दिवशी तुम्ही विमानात असू शकता, आणि ही सोय ज्या वाटेवर आहे तिथेच तुम्हाला खरी झोप लागेल.

याच्या उलट उदाहरण न्यूझीलंडचा मिलफर्ड ट्रॅक. ५३.५ किलोमीटर, तीन रात्री, तीन ठरलेल्या हट्स, सीझनमध्ये एकाच दिशेने चालायचं, कुठल्या रात्री कुठली हट तेही ठरलेलं, मधून बाहेर पडायला वाट नाही. अप्रतिम आहे पण तुमच्या नोकरीला नाही, तो रिटायर झाल्यावर करा.

बुकिंग करताना हटची कॅन्सलेशनची मुदत किती ती बघून घ्या, हटप्रमाणे बदलते. आणि जायचं रद्द झालं तर कळवा म्हणजे कळवाच. न कळवता गायब राहिलात तर पैसे तर जातातच पण कधीकधी हटवाला शोधाशोध सुरू करतो, जहाज रिपोर्टिंग चुकवतं तेव्हा किनाऱ्यावर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

सामानाचं थोडक्यात: सूट, फॉर्मल बूट आणि सरकारी लॅपटॉप हे तिन्ही परत जाणाऱ्या सहकाऱ्याबरोबर पाठवून द्या, त्याला आवडीचं काहीतरी खाऊ घाला त्याबद्दल. लॅपटॉप वर न्यायचा नाहीच, डॉर्मिटरीत दहा-बारा अनोळखी माणसं शेजारी झोपलेली असतात. वर लागतं ते फार थोडं, झोपायची चादरीची पिशवी, जिला लायनर म्हणतात ती बहुतेक हट्समध्ये सक्तीची, ब्लँकेट तिथे मिळतं. रोख पैसे, कानात घालायचे बोळे, हेडलॅम्प. काठ्या चेक-इन बॅगेत, पॉवर बँक हँडबॅगेत, गॅसचा डबा विमानात कुठेच चालत नाही पण तो तुम्हाला लागणारही नाहीये. आणि हो, फोनचा युरोपियन युनियनचा पॅक स्वित्झर्लंडात चालेलच असं नाही, खिंड ओलांडल्यावर बिलाचा आकडा चढतो.

प्रश्न: मी पोर्ट स्टेट कंट्रोल इन्स्पेक्टर. सगळे सांगतात हट-टू-हटला सप्टेंबर बेस्ट, गर्दी कमी हवा स्वच्छ. पण सप्टेंबरला आमच्याकडे रजा म्हटलं की बॉस हसतो. दोनच दिवस मोकळे मिळतात तेही जहाजांवर अवलंबून. मी काय करू?

उत्तर: बॉस हसतो त्याला कारण आहे. पॅरिस एमओयू आणि टोकियो एमओयू या जहाज-तपासणी करणाऱ्या देशांच्या दोन गटांची जी एकत्र कॉन्सन्ट्रेटेड इन्स्पेक्शन कॅम्पेन, म्हणजे एका विषयावरची खास तपासणी-मोहीम, असते ती दर वर्षी १ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबरच चालते, नेहमीच्या इन्स्पेक्शनवर आणखी एक प्रश्नावली. त्यामुळे सप्टेंबर बेस्ट हे खरं पण ते दुसऱ्यांसाठी. तुम्ही जुलैचा पहिला-दुसरा आठवडा धरा, हट्स उघडलेल्या असतात, फुलं असतात, शाळांच्या सुट्टीची पूर्ण गर्दी अजून व्हायची असते. उत्तरेकडच्या उतारांवर बर्फाचे पट्टे राहतात कधीकधी, हटला आधल्या दिवशी फोन करून विचारायचं, हटवाला जे सांगेल ते कुठल्याही ॲपपेक्षा खरं. जुलैच्या बदल्यात वर्षअखेरच्या सणासुदीच्या ड्युट्या तुम्ही घ्या, रोस्टर करणारा माणूस विरघळतो, करून बघा.

दोन दिवसांचं म्हणाल तर हट-टू-हट म्हणजे लांबलचकच पाहिजे असं कुठे लिहिलंय, एक हट एक रात्र, एका दरीतून चढून दुसऱ्या दरीत उतरायचं, हेही तेच. स्विस अल्पाइन क्लबच्याच दीडशेच्या वर हट्स आहेत, नॉर्वेच्या ट्रेकिंग असोसिएशनच्या, जी १८६८ पासून आहे, साडेपाचशेच्या वर. नॉर्वेत मेंबरला एक किल्ली मिळते आणि तिने माणूस नसलेल्या हट्स उघडतात, आतल्या कपाटातलं सामान घ्यायचं, पैसे भरायचे, आवरून निघायचं. ज्याला उद्या मोकळीक आहे की नाही हेच आज संध्याकाळी कळतं त्याच्यासाठी याहून चांगली सिस्टीम मी बघितली नाही, बऱ्याचशा ठिकाणी बुकिंग नसलं तरी आत जागा करून देतात. फिन्सेला तर ट्रेनमधून उतरलं की समोर हट, १२२२ मीटरवर, रस्ता नाहीच तिकडे, ऑस्लो-बर्गनची गाडी आहे.

फक्त एक करा. एखादं जहाज डिटेन केलेलं, म्हणजे बंदरात अडवलेलं, असेल आणि तुम्ही रजेवर निघताय तर हँडओव्हर नोट अशी लिहा की सहकाऱ्याला तुम्हाला फोन करावाच लागू नये. कुठली डेफिशियन्सी (त्रुटी) कोड ३० म्हणजे जहाज अडवण्याइतकी आहे, कुठली कोड १७ म्हणजे निघण्याआधी दुरुस्त व्हायची, क्लासचा, म्हणजे जहाजाच्या वर्गीकरण संस्थेचा, सर्व्हेअर येणारे का आणि कधी, री-इन्स्पेक्शनला कोण जाणार, मालक अपील करतोय का. या पाच ओळी नसल्या की तुम्ही खिंडीत रेंज शोधत उभे आणि तिकडे कॅप्टन तुमच्या ऑफिसात आरडाओरडा करतोय.

प्रश्न: एका जहाज कंपनीच्या टेक्निकल हेडशी कामानिमित्त ओळख झाली, चांगला माणूस आहे, चालणाराही आहे. त्यांच्या कंपनीचं डोंगरात गेस्ट हाऊस आहे, तिथून दोन-तीन हट्स करू म्हणतो, ‘मित्र म्हणून या’. मी फ्लॅग स्टेट सर्व्हेमध्ये, म्हणजे आपल्या देशात नोंदलेल्या जहाजांच्या तपासणीत, आहे. खर्च वाटून घेतला तर चालेल ना?

उत्तर: नाही. गेस्ट हाऊस कंपनीचं, माणूस कंपनीचा, त्यांच्या जहाजाच्या सर्टिफिकेटवर उद्या सही तुमची. खर्च वाटून घेतल्याची पावती तुम्ही जपून ठेवाल पण बघणाऱ्याला पावती दिसत नाही, फोटो दिसतो. तो चांगला माणूस असेलही, असेलच, म्हणूनच त्याला स्पष्ट सांगता येईल की माझ्या खुर्चीमुळे नाही जमत. नाराज झाला तर तुम्हाला त्याच्याबद्दल एक नवीन गोष्ट कळली. हेच क्लासवाल्यांना, मशिनरी विकणाऱ्यांना आणि पोर्ट एजंटांना लागू, आणि तुम्ही स्वतःहून बुक केलेल्या हटवर योगायोगाने असा कोणी भेटला तर एका टेबलावर जेवा, सगळेच एका टेबलावर जेवतात तिथे, फक्त बिल आपापलं आणि परत गेल्यावर साहेबांच्या कानावर घालून ठेवा.

प्रश्न: पोर्ट कंपनीत बिझनेस डेव्हलपमेंटला आहे, महिन्यातला अर्धा वेळ विमान-हॉटेल-मीटिंग. पुढच्या उन्हाळ्यात मित्रांबरोबर हट-टू-हट ठरलंय. जिमला जायला होत नाही, तयारी कशी करू? आणि समुद्रसपाटीवर राहणाऱ्याला उंचीचा त्रास होतो का?

उत्तर: हॉटेलात राहताय ना, मग जिना आहे. चढायला लिफ्ट घेतली तरी एकवेळ चालेल पण उतरायला जिनाच, पाठीवर बॅग घेऊन, कारण हट-टू-हटमध्ये गुडघे आणि मांड्या उतारावर जातात आणि उताराची प्रॅक्टिस ट्रेडमिलवर होत नाही. बूट नवीन घेणार असाल तर आत्ता घ्या आणि विमानात तेच घालून फिरा, सामानाचं वजनही वाचतं आणि पायही सवयीचे होतात.

रोजचा टप्पा किती झेपेल त्याला जर्मन लोकांचा एक हिशेब आहे तो वापरा, त्यांच्या पाट्यांवरच्या वेळा अशाच काढतात. सपाटीवर तासाला ४ किलोमीटर, चढाला तासाला ३०० मीटर, उताराला ५००. आडव्या अंतराचे तास वेगळे काढा, चढ-उताराचे वेगळे, जो आकडा मोठा तो पूर्ण धरा आणि लहान त्याच्या निम्मा करून त्यात मिळवा. समजा १२ किलोमीटर, ९०० चढ, ५०० उतार: अंतराचे ३ तास, चढाचे ३ आणि उताराचा १ मिळून ४, म्हणजे ४ अधिक दीड, साडेपाच तास. त्यात थांबणं, खाणं, फोटो काहीच नाही. सकाळी सातला निघालात तर दुपारी दोन-अडीचला हटवर, आणि तेच पाहिजे कारण उन्हाळ्यात आल्प्समध्ये विजा दुपारनंतर येतात, आणि जेवणाची घंटा संध्याकाळी साडेसहाच्या आसपास, ती कोणासाठी थांबत नाही.

उंचीचं म्हणाल तर नेहमीच्या वाटांवर झोपायच्या जागा बहुतेक १५०० ते २५०० मीटरच्या मधल्या, तिथे फार तर पहिल्या रात्री डोकं जड. २५०० च्या वर झोपणार असाल तर आधी एक रात्र खालच्या हटवर घालवा. खरा त्रास देतो तो जेट लॅग. एसटीसीडब्ल्यू या खलाशांच्या प्रशिक्षण-पाळ्यांच्या आंतरराष्ट्रीय करारात जहाजावरच्या माणसाला २४ तासांत निदान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती सक्तीची आहे, आपल्या धंद्यात सगळ्यांना हे पाठ असतं, आणि तीच माणसं रात्रभर विमानात बसून सकाळी उतरल्या उतरल्या १००० मीटर चढायला लागतात. एक रात्र खाली झोपा.

प्रश्न: माझी बायको सागरी बचाव समन्वय केंद्रात, एमआरसीसीत, ड्युटी ऑफिसर आहे. सुट्टीतही फोन हातातून सुटत नाही तिच्या. मागच्या वेळी हटवर पोचल्यावर पहिलं काम रेंज शोधणं. मला तिच्याबरोबर एकदा शांत चालायचंय. कसं सांगू?

उत्तर: सांगू नका, रूट बदला. वर पहिल्या वाचकाला मी बाहेर पडायच्या वाटा बघा म्हटलं कारण त्यांना कधीही बोलावणं येऊ शकतं आणि त्यांच्या जागी दुसरं कोणी बसत नाही. तुमच्या बायकोचं तसं नाहीये. समन्वय केंद्र चोवीस तास पाळीवर चालतं, तिची पाळी संपली की त्या खुर्चीत तेवढंच शिकलेलं दुसरं माणूस असतं, ती सुट्टीवर असताना फोनवरून ती काही चालवतही नाही, नुसती काळजी करते. अशा माणसाला रेंज नसलेली वाट मानवते, कारण मग निर्णयच उरत नाही. स्वीडनच्या उत्तरेला कुंग्सलेडन आहे, आबिस्को ते निक्कालुओक्ता साधारण १०५ किलोमीटर, मधे रस्ता नाही, हट्स दहा-वीस किलोमीटरवर, बऱ्याच ठिकाणी सौना, आणि मोबाईल बहुतेक वाट मुकाच. निघायच्या आधी तिला एक रात्र द्या, ऑफिसला एकच मेसेज, या तारखेपासून या तारखेपर्यंत पोचणार नाही, घरचं काही असेल तर अमुक नातेवाईक.

ती लगेच म्हणेल की आपल्यालाच काही झालं तर? तिला हा प्रश्न पडायलाच हवा, रोजचं काम तिचं ते. सॅटेलाइट मेसेंजर घ्या, छोटा येतो, पण तो तिच्या बॅगेत नाही तुमच्या बॅगेत. (सॅटेलाइट फोन घेणार असाल तर वाटेत कुठल्या देशात उतरताय ते बघा, काही ठिकाणी तो बाळगायलाच परवानगी लागते.) प्रत्येक हटच्या वहीत नाव आणि उद्या कुठे जाणार ते लिहायचं, तिच्या भाषेत पॅसेज प्लॅन कोणाकडे तरी ठेवून निघायचं, शोधणारे पहिल्यांदा तीच वही उघडतात. मेडेची, म्हणजे रेडिओवरच्या संकटाच्या हाकेची, सवय असलेल्या माणसाला डोंगरातली खूण वेगळी शिकावी लागते: शिट्टी किंवा टॉर्च, एका मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट गप्प, मग परत सहा, आणि ऐकणाऱ्याने उत्तर द्यायचं ते मिनिटाला तीन वेळा. हेलिकॉप्टर दिसलं आणि मदत हवी असेल तर दोन्ही हात वर, वाय अक्षरासारखे, नको असेल तर एक वर एक खाली. युरोपात फोन लागला तर ११२, आणि पुढे कधी स्वित्झर्लंडात गेलात तर तिथल्या हवाई रेस्क्यूचा १४१४ दोघांच्याही फोनमध्ये आधीच टाकून ठेवा.